खुर्द्याचा हिशेब

पानिपत, खर्डा, कोरेगाव, सीताबर्डी अशी लढायांच्या गावांची यादी करायला बसलं तर तीत भंडारा जिल्ह्यातलं नाव येत नाही. हा धानाचा, मालगुजारी तलावांचा आणि पितळी भांड्यांचा मुलूख. वैनगंगेच्या काठाने फौजा आल्या नि गेल्या, पण शाळेच्या पुस्तकात धडा व्हावा अशी लढाई इथे झाली नाही. तुमसरजवळचा आंबागड तेवढा आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळात तो कैदखाना होता आणि आतल्या विहिरीचं सडकं पाणी पाजून तिथे कैद्यांना मारत, असं लोक अजून सांगतात. तेव्हा युद्धसाहित्याची ओळख करून देणारं पुस्तक भंडाऱ्यातून का निघावं, असा प्रश्न पुण्या-मुंबईच्या वाचकाला पडू शकतो.

इथल्या माणसाला तो पडायचा नाही. भंडारा शहराजवळ जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. १९६२ च्या चीन युद्धाचा मार खाल्ल्यावर, साठच्या दशकात ती उभी राहिली. गोळा किंवा गोळी नळीतून पुढे ढकलणारी दारू तिथे तयार होते. २४ जानेवारी २०२५ ला सकाळी त्या कारखान्यात स्फोट झाला, इमारतीचं छत कोसळलं आणि आठ कामगार गेले. आवाज दूरदूरच्या गावांत ऐकू गेला. त्या दिवशी कुठे युद्ध पुकारलेलं नव्हतं, समोर शत्रू नव्हता. तरी दारूगोळा माणसाच्या देहाचं काय करतो हे या जिल्ह्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलं. आणि दुसरी गोष्ट रोजचीच. जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या गावाबाहेर पहाटे पाच वाजता जा, भरतीची तयारी करणारी पोरं डांबरी रस्त्यावर धावताना दिसतील. सोळाशे मीटर किती मिनिटांत, छाती किती फुगते, पुलअप्स किती निघतात, सगळं त्यांना तोंडपाठ असतं. भरती झाल्यावर पुढे काय असतं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. सांगणारी पुस्तकं जगात भरपूर आहेत, आपल्याकडेही वाटतात तितकी कमी नाहीत. या पुस्तकाने ती एका ठिकाणी आणली आहेत.

पानिपतची बातमी पेशव्यांना सावकारी भाषेतल्या चिठ्ठीने कळली, ही कथा मराठी शाळेत बसलेल्या प्रत्येकाने ऐकलेली असते. दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा गेल्या आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, असा तिचा आशय. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, मोहरा म्हणजे नावाजलेले सरदार. उरलेला खुर्दा म्हणजे शिपाई, बारगीर, बाजारबुणगे, त्यांच्या मागोमाग गेलेल्या बायका. त्यांचा हिशेब त्या चिठ्ठीने ठेवला नाही. युद्धाचं साहित्य म्हणजे तो राहिलेला हिशेब, अशी माझी साधी समजूत आहे. मोत्यांवर आणि मोहरांवर लिहायला इतिहास आहे, चरित्रं आहेत, चौकाचौकांतले पुतळे आहेत.

मात्र हा हिशेब मांडतो कोण, हे पाहू गेलं की एक चमत्कारिक गोष्ट दिसते. जिंकलेला शिपाई फारसा बोलत नाही. रणातली भीती, तहान, घाण, कापलेल्या माणसाचं ओरडणं हे आपल्यापर्यंत आणलं ते बहुतेक वेळा हरलेल्याने, पळालेल्याने, पकडला गेलेल्याने, नाहीतर लढाईशी काडीचा संबंध नसताना तिच्यात सापडलेल्याने. विजयाला उत्सव लागतो, आणि उत्सवात उलटीचा वास कोणालाच नको असतो. हा नियम नाही, याला अपवाद आहेत. पण हे पुस्तक वाचताना ही गोष्ट मनात ठेवली तर पुष्कळ मजकूर उलगडतो, असा माझा अनुभव आहे.

सुरुवात महाभारतापासून करावी लागते. आपले कीर्तनकार भीष्मावर आणि कर्णावर रात्ररात्र रंगतात. अकराव्या पर्वाकडे मात्र फारसं कोणी वळत नाही. त्याचं नाव स्त्रीपर्व. लढाई संपलेली आहे, पांडव जिंकले आहेत आणि गांधारी दिव्यदृष्टीने रणभूमी पाहते आहे. कोल्ह्या-गिधाडांमधून बायका फिरताहेत, मुंडकी आणि धडं जुळवून पाहताहेत, ती जुळत नाहीत. भूरिश्रव्याची बायको नवऱ्याचा तुटलेला हात मांडीवर घेऊन बसली आहे. युद्धाची भीषणता दाखवण्याची जी युक्ती पुढे जगभरच्या लेखकांनी वापरली ती इथे आधीच आहे. प्रेतांचा डोंगर दाखवून अंगावर काटा येत नाही, एक हात आणि एक मांडी दाखवली की येतो. आणि तो दाखवते कोण, तर शंभर मुलगे गमावलेली आई.

अपवादांत सगळ्यात मोठा अपवाद सम्राट अशोक. कलिंग जिंकल्यावर त्याने तेराव्या शिलालेखात स्वतःच कोरून ठेवलं की एक लाख माणसं मारली गेली, दीड लाख धरून नेली आणि याचा आपल्याला पश्चात्ताप होतो. जिंकलेल्या राजाने असं लिहिल्याचं दुसरं उदाहरण शोधायला कष्ट पडतील. पण एक बारीक गोष्ट आहे. खुद्द कलिंगात, म्हणजे धौली आणि जौगडला, हा तेरावा लेख कोरलेला नाही. तिथे त्याच्याऐवजी वेगळे लेख आहेत. ज्यांचे लोक मेले त्यांच्या दारात तो आकडा लावायचं राजाने टाळलं. आपल्या जिल्ह्यातल्या पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये जो स्तूप उकरला गेला, त्याची सुरुवात मौर्यकाळापर्यंत मागे नेली जाते. कलिंगानंतर जे धर्मवचन देशभर फिरलं त्याची एक वाट पवनीवरून गेली असावी, इतकं नातं तर आपलंही आहे.

मराठीत गद्य-पद्य दोन्ही वाटा युद्धानेही रुळल्या. अज्ञानदासाचा अफझलखानाच्या वधाचा पोवाडा, तुळशीदासाचा तानाजीचा पोवाडा, ही आपली जुनी रणकविता. तिचं काम फौजेचं मन उभं करण्याचं होतं आणि ते तिने चोख केलं. डफावर थाप पडली की जखमेचा सुद्धा दागिना होतो. याबद्दल शाहिरांना दोष देण्यात अर्थ नाही, पण पोवाड्यात शिपायाचं पोट दुखत नाही, हे वाचकाने ध्यानात ठेवावं.

पोट दुखतं ते बखरीत, आणि तेही पराभवाच्या. पानिपतावरच्या बखरींमध्ये आणि त्या वेळच्या इतर लेखांमध्ये १४ जानेवारी १७६१ च्या आधीचे दोन-अडीच महिने पाहावेत. रसद तुटलेली, दाणा-वैरण संपलेली, जनावरं छावणीतच मरून पडलेली, त्यांचा वास, थंडी. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला काशीराज हा मूळचा दक्षिणी माणूस शत्रूच्या गोटातून सगळं पाहत होता, त्याने ते फारसीत लिहून ठेवलं. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणत शिपाई बाहेर पडले, हे आपल्याला त्याच्याकडून कळतं. पुढे ज्याच्या शहाणपणाचे गोडवे गायले गेले तो नाना फडणीस तेव्हा एकोणिसाव्या वर्षात होता. तो रणातून निसटला, लपतछपत, उपाशीपोटी चालत राहिला, आई बरोबर होती ती मात्र परत मिळाली नाही. त्याच्या आत्मवृत्तात हे पळणं आहे. मुत्सद्दी म्हणून मोठा झालेल्या माणसाने आपलं पळणं लिहून ठेवावं, याला माझ्या लेखी तलवार गाजवण्याइतकीच छाती लागते. विश्वास पाटलांची 'पानिपत' कादंबरी १९८८ साली आली आणि घराघरांत वाचली गेली, त्याच्या मागे या सगळ्या पराभूतांच्या साक्षी आहेत.

आता थोडं कटू. पानिपतच्या वीस वर्षं आधी मराठी फौज दुसऱ्या बाजूला उभी होती. रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून जवळजवळ दशकभर बंगालवर जात राहिल्या. भास्करराम कोल्हटकर त्यांचा सरदार, १७४४ मध्ये अलीवर्दीखानाने त्याला दग्याने मारलं. हा दगा आपल्या इतिहासांत नीट नोंदलेला आहे. त्या स्वाऱ्यांत बंगालच्या खेड्यांचं काय झालं ते पाहायचं तर गंगाराम नावाच्या बंगाली कवीचं १७५१ च्या सुमाराचं 'महाराष्ट्र पुराण' उघडावं लागतं. त्यात गावंच्या गावं पळत सुटली आहेत. पंडित पोथ्यांचं गाठोडं घेऊन, सोनार तराजू घेऊन, गरोदर बायका चालवेल तशा. मागून बारगीर येतात, हात तोडतात, नाककान कापतात. मुलं झोपेनात तर बारगिरांची भीती घालणारं अंगाईगीत बंगालमध्ये आजही गातात. वैनगंगेचं खोरं त्या काळी भोसल्यांच्या अमलात आलेलं होतं, तेव्हा त्या घोड्यांवर इथलं कोणीच नसेल असं छातीवर हात ठेवून म्हणता येणार नाही. संपादकांनी हा उतारा पुस्तकात घेतला आणि तो परिशिष्टात न टाकता पोवाड्याच्या शेजारी ठेवला, हे मला फार आवडलं. काहींना आवडणार नाही.

विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' याच ओळीत बसतो, जरी गोडसे भटजी ना शिपाई ना शत्रू. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेला आणि १८५७ च्या धामधुमीत अडकला. झाशीला वेढा पडला तेव्हा ते आत होते. एप्रिल १८५८ मध्ये इंग्रज शहरात शिरल्यावरची कत्तल, लपून काढलेले दिवस, पाण्यावाचून झालेले हाल, जळकी घरं आणि रस्त्यांवरची प्रेतं त्यांनी पंचवीसेक वर्षांनंतर लिहून काढली. चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ साली छापलं. गोडसे भटजींची भाषा पाहा. सोवळं-ओवळं, दक्षिणेचे रुपये आणि मुडदे एकाच दमात येतात. पुढे ज्याला विसाव्या शतकातल्या समीक्षकांनी साक्षीचं साहित्य म्हटलं, ते आपल्या एका भटजीने कसलाही आव न आणता लिहून ठेवलं होतं.

पहिल्या महायुद्धाने युद्धावर लिहिण्याची रीत जगभर पालटली. तोवर युरोपातही गौरवाचाच सूर मोठा होता. टॉल्स्टॉयने १८५५ मध्ये सेवास्तोपोलहून लिहिलेल्या चित्रणांत शस्त्रक्रियेच्या खोलीतून वाचकाला फिरवलं होतं, पण ती एकट्याची वाट होती. खंदकांनी तिचा हमरस्ता केला. हान्री बार्ब्यूसची 'आगीखाली' ही फ्रेंच कादंबरी युद्ध चालू असतानाच, १९१६ मध्ये आली. विल्फ्रेड ओवेनने विषारी वायूने घुसमटणारा सोबती कवितेत आणला आणि युद्ध संपायला आठवडा उरला असताना, ४ नोव्हेंबर १९१८ ला तो स्वतः मारला गेला. त्याच्या वहीत रवींद्रनाथांच्या ओळी उतरवलेल्या होत्या, हे त्याच्या आईने पुढे रवींद्रनाथांना कळवलं. रेमार्कची 'पश्चिम आघाडीवर सारं शांत' १९२९ ची. तिच्यातला एक प्रसंग भरतीला निघालेल्या प्रत्येक मुलाने वाचावा असा आहे. नायक एका खड्ड्यात लपलेला असतो, वरून एक फ्रेंच शिपाई अंगावर कोसळतो, हा घाबरून त्याला भोसकतो. तो लगेच मरत नाही. तास न् तास दोघे त्या खड्ड्यात. नायक त्याला पाणी पाजतो, जखम बांधतो, शेवटी त्याचं पाकीट उघडतो. आत बायको-मुलीचे फोटो, आणि तो छापखान्यात काम करणारा माणूस असल्याचा पत्ता लागतो. शिपायाला सोसावी लागणारी सगळ्यात मोठी भीषणता त्याच्यावर कोसळणारी नसते, त्याच्या हातून घडणारी असते, हे या प्रसंगाने इतकं उघड केलं की नाझींनी १९३३ मध्ये हे पुस्तक होळीत टाकलं.

सगळे शिपाई असे पोळले नव्हते. अर्न्स्ट युंगरही त्याच खंदकांत होता, पुनःपुन्हा जखमी झाला, आणि त्याच्या 'पोलादी वादळा'त युद्धाची भीती आहे तशी झिंगही आहे. या संग्रहात युंगर नाही. यावर माझा आणि संपादकांचा मतभेद झाला आणि तो मिटला नाही. झिंग खोटी असती तर प्रश्नच नव्हता. ती खरी असते, म्हणून तर ती दाखवायला हवी.

त्या महायुद्धात हिंदुस्थानातून सुमारे तेरा लाख माणसं गेली. फ्रान्समधल्या हिंदी शिपायांची पत्रं सेन्सॉर उघडून वाचत असे, त्यांचे भाषांतरित उतारे सरकारी दप्तरात राहिले, आणि त्यांची निवड डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ मध्ये छापली. बहुतेक पत्रं पंजाब आणि उत्तरेकडची, तीही दुसऱ्याकडून लिहून घेतलेली. सेन्सॉर वाचणार हे ठाऊक असल्यामुळे शिपाई सांकेतिक लिहीत. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरताहेत, असं घरच्यांना कळवलं की त्यांनी समजायचं, काळे शिपाई कापले गेले, आता गोऱ्यांची पाळी. युद्धाची भीषणता स्वयंपाकाच्या सामानातून सांगावी लागली, इतका तो शिपाई दोन्ही बाजूंनी कोंडलेला होता. याच सुमारास हिंदीत चंद्रधर शर्मा गुलेरींची 'उसने कहा था' आली, १९१५ मध्ये. खंदकातला चिखल आणि लहानपणचा बाजार यांची गाठ त्यांनी अशी मारली की आजवर तिला तोड नाही, आणि गुलेरी स्वतः आघाडीवर कधी गेले नव्हते.

मराठी पलटणींचा मोठा नरक मेसोपोटेमियात होता. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. अन्न संपलं, घोडे कापून खायची वेळ आली, धर्म आड येऊन अनेक हिंदी शिपायांनी ते मांस नाकारलं, स्कर्व्हीने हिरड्या सुजल्या. शेवटी शरणागती आणि मग वाळवंटातून चालत तुर्कांच्या कैदेत. त्या कैदेचं जवळून केलेलं वर्णन शिशिरप्रसाद सर्वाधिकारी यांच्या 'अभि ले बगदाद' या १९५८ च्या पुस्तकात आहे. ते बंगाली रुग्णवाहिका दलात होते, कूतला पकडले गेले. म्हणजे बारगिरांनी काय केलं ते आपल्याला बंगालीतून कळलं, आणि कूतच्या कैद्यांनी काय भोगलं तेही बंगालीतूनच वाचायचं. आपले शिपाई परतले, त्यांनी शेती केली, पेन्शन घेतली. सांगणारे नव्हते असं नाही, लिहून घेणारे नव्हते. लिहितं-वाचतं घर आणि पलटणीत माणूस धाडणारं घर ही आपल्याकडे बहुधा वेगवेगळी होती. त्या घरांमध्ये जातीची भिंत होती हे उघड बोललं पाहिजे. पेशवाईविरुद्ध कोरेगावला लढलेल्या महारांची भरती पुढे इंग्रजांनीच बंद केली, पहिल्या महायुद्धात गरजेपोटी पुन्हा पलटण उभारली आणि युद्धानंतर मोडली. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये, बेळगावला, आणि तिची दुसरी पलटण आपल्या शेजारी कामठीला. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते. या घरांतल्या रणकथा छापल्या जायला फार उशीर झाला, आणि ज्या छापल्या गेल्या त्यांत सैन्य म्हणजे पोटभर अन्न, बूट आणि शाळा असंही येतं. विदर्भातल्या वाचकाने हा पदर सोडून युद्धसाहित्य वाचूच नये.

मराठीतली युद्धावरची सर्वश्रेष्ठ कादंबरी कोणती असं मला कोणी विचारलं तर मी 'रणांगण' म्हणेन, आणि तीत लढाई नाही. विश्राम बेडेकरांनी ती १९३९ मध्ये लिहिली. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून पळालेले ज्यू, एक मराठी तरुण आणि हॅर्टा. बोटीच्या डेकवरच युद्धाने माणसं आतून पोखरायला सुरुवात केली आहे, तोफ अजून कुठे उडायची आहे. कादंबरीचा लेखक लढलेला नव्हता, पाहणारा होता. पुन्हा तेच, मधे सापडलेला माणूस.

दुसऱ्या महायुद्धात यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, घाडग्यांना मरणोत्तर. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये राजौरीच्या वाटेवर सुरुंग काढणाऱ्या रामा राघोबा राणे यांना परमवीर चक्र. यांच्यावर शालेय पुस्तिका आहेत, त्या असाव्यातही. पण सुरुंग काढणाऱ्याच्या बोटांना काय वाटत असेल, हे त्या पुस्तिकांतून कळत नाही. ते कळायला लागतं १९६२ नंतर, म्हणजे पुन्हा हरल्यावर. नामका चूच्या काठी ब्रिगेड संभाळणारे ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी पकडले गेले, सुटून आले आणि १९६९ मध्ये त्यांनी 'हिमालयन ब्लंडर' लिहिलं. सरकारने त्यावर बंदी घातली. बर्फात सुती कपडे, अपुरी काडतुसं, पाठीवरून वाहून आणलेलं राशन, वरून येणारे अशक्य हुकूम, हे सगळं तिथे आहे आणि संताप आहे. मराठीत कर्नल श्याम चव्हाण यांचं 'वालाँग: एका युद्धकैद्याची बखर' आलं, मेजर जनरल शशिकांत पित्रे यांचं 'न सांगण्याजोगी गोष्ट' आलं. एकाने बखरीची आठवण ठेवली, दुसऱ्याने नावातच अडचण सांगून टाकली.

आणि १९७१? तो आपला सगळ्यात मोठा विजय, आणि खुर्द्याच्या बाजूने त्याची वही जवळजवळ कोरी. या संग्रहासाठी जिल्ह्यातल्या माजी सैनिकांशी बोलणी झाली, त्यातल्या काहींना मी हजर होतो. त्यांच्या इच्छेवरून नावं दिलेली नाहीत. लाखनी तालुक्यातले एक फौजी, आता ऐंशीच्या घरातले, पहिल्यांदा सगळे म्हणतात तेच म्हणाले, "सांगासारखं काई नाही भाऊ." मग चहा झाला आणि ते पूर्व बंगालमधल्या धानाबद्दल बोलू लागले. डिसेंबर होता, तिकडेही धान कापणीला आलेलं, काही ठिकाणी पुंजणे लागलेले. बांधीतून कसं चालायचं, पाय कुठे रुततो, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. बरोबरचे उत्तरेकडचे जवान धुऱ्यावरून घसरत होते, याचं त्यांना अजून हसू येतं. एका बांधीत पाण्यात माणसं पडलेली होती, किती दिवसांची कोण जाणे. गावी परत आल्यावर पुढची कित्येक वर्षं कापणीच्या वेळी ओल्या तणसाचा वास आला की ते बांधीतून उठून घरी यायचे. घरचे म्हणायचे, फौजेत राहून आळशी झाला. एवढं बोलून त्यांनी धानाच्या भावाचा विषय काढला. लढाईत आपण काय केलं याबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही, आणि विचारणारानेही विचारलं नाही, हे बरंच केलं.

वास आला की उठून जावं लागणं, याला नाव मिळायला जगाला वेळ लागला. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरने 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात आणला. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत आघातोत्तर ताणविकार दाखल झाला तो १९८० मध्ये, व्हिएतनामहून परतलेल्यांच्या दबावाने. आपल्या गावांत अशा माणसाला बाहेरचं लागलं म्हणतात, किंवा दारू जास्त झाली म्हणतात. साहित्याने ही जखम डॉक्टरांच्या आधी पाहिली, हे मात्र खरं.

युद्धाच्या भीषणतेला हसून सामोरं जाणारा एक मोठा प्रवाह आहे. हाशेकचा श्वाइक, हेलरचं 'कॅच-२२', ड्रेस्डेनच्या बॉम्बफेकीत युद्धकैदी म्हणून तळघरात वाचलेल्या व्हॉनेगटचं 'स्लॉटरहाउस-फाइव्ह'. आपल्या भाषेत हा प्रवाह रुजला नाही. सैनिकावर विनोद केला तर पाप लागेल, अशी आपली धारणा असावी. उर्दूत मंटोने तेही करून ठेवलं. 'टिटवाल का कुत्ता'मध्ये दोन्ही बाजूंच्या चौक्यांमध्ये सापडलेलं कुत्रं मरतं, आणि वाचक हसता हसता थिजतो. आणखी एक वाट स्वेतलाना अलेक्सिएविच यांची. सोव्हिएत सैन्यात लढलेल्या बायकांना त्यांनी बोलतं केलं आणि तो आवाजांचा गोतावळा १९८५ मध्ये छापला, २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. लाखनीच्या चहासारखेच शेकडो चहा त्यांनी प्यायले असणार.

हे सगळं आत्ताच का वाचावं? मे २०२५ मध्ये सीमेवर चार दिवस क्षेपणास्त्रं आणि ड्रोन उडाले तेव्हा आपण ते वाहिन्यांवर पाहिलं. नकाशे, बाण, सायरनचा आवाज आणि ओरडणारे निवेदक. त्या पडद्यावर देह नव्हता. ड्रोनच्या कॅमेऱ्यातून युद्ध वरून दिसतं, वरून माणूस ठिपका दिसतो. युक्रेनमध्ये त्याच ड्रोनखाली सैनिक पुन्हा खंदक खणून चिखलात बसले आहेत, १९१६ सारखेच. शिवाय २०२२ पासून अग्निपथ योजना आहे. चार वर्षं नोकरी आणि मग बहुतेकांनी परत यायचं. पंचविशीच्या आसपास, जे पाहिलं ते मनात घेऊन गावात परतणारे तरुण आता या जिल्ह्यात वाढत जाणार आहेत. त्यांचं ऐकायला गाव तयार आहे का, हा प्रश्न भरतीच्या मैदानाएवढाच खरा आहे.

संग्रहाचा हेतू सैन्याविरुद्ध लिहिण्याचा नाही, आणि कुठल्या शहीद कुटुंबाचं दुःख कमी लेखण्याचाही नाही. अनुराधा गोरे यांच्यासारख्या वीरमातेचं लेखन हा त्याच दुःखाचा भाग आहे. संपादकांनी एवढंच केलं आहे की गौरवाचा मजकूर आणि वेदनेचा मजकूर वेगळ्या कपाटांत न ठेवता एकमेकांसमोर बसवला आहे. काही भाषांतरं खडबडीत आहेत. युरोपातल्या उताऱ्यांना आशियाच्या मानाने जागा जरा जास्त मिळाली आहे. कारखान्यातल्या कामगारांच्या घरच्यांशी बोलणं अजून व्हायचं आहे, २०२५ चा घाव ताजा आहे म्हणून संपादकांनी घाई केली नाही. दुसऱ्या आवृत्तीत ते भाग यावेत, आणि युंगरही.

शिक्षकांना एक सूचना. मुलांना पहिल्या पानापासून वाचायला लावू नका. स्त्रीपर्वातला उतारा आणि लाखनीच्या फौजींचं बोलणं एकाच तासाला वाचून घ्या, मग पोवाडा वाचा, डफ मिळाला तर डफावर. मुलं स्वतः प्रश्न विचारतील. माजी सैनिकांचं बोलणं जसं होतं तसं, झाडीबोलीतच ठेवलं आहे, आणि बांधी, धुरा, पुंजणा, तणस अशा शब्दांना टिपा दिलेल्या नाहीत. जिल्ह्याबाहेरच्या वाचकाचं कुठे अडलं तर त्याने एखाद्या भंडारेकराला फोन लावावा. धानाबद्दल विचारलं तर आमच्याकडे कोणी चटकन फोन ठेवत नाही.